भागाबाईची फिर्याद

एका जंगलात सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, सिंहमहाराज होते आणि एक तुरुंग होता. ए मागच्या, हसायचं नाही. तुरुंग नसेल तर त्याला राज्य कोण म्हणेल?

तुरुंग होता वेळूच्या बेटात. वेगळे गज लावायची गरज पडली नाही, वेळूच दाट वाढले होते. महाराजांनी त्याचं उद्घाटन 'हिरवागार तुरुंग' म्हणून केलं होतं. आत बसणाऱ्यांना तेवढंच बरं वाटत असेल.

त्या तुरुंगात एक कोकीळ होता. त्याचं नाव गोंद्या.

त्यानं काय केलं होतं, विचारा. काही केलं नव्हतं, तोच तर गुन्हा! त्याचं असं झालं. ऐन पौषात, थंडीनं माकडांचे दात वाजत असताना, सिंहमहाराजांनी जाहीर केलं की आमच्या राज्यात वसंत आलेला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाहीतरी थंडीत हात चोळायचेच होते. मग महाराज म्हणाले, "कोकिळानं आता गावं."

गोंद्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि भाबडेपणानं विचारलं, "महाराज, आंब्याला मोहोर कुठं आहे? मोहोर दिसू दे, लगेच गातो."

झालं! ऋतुद्रोहाचं कलम लागलं आणि गोंद्या आत गेला.

आता गोंद्याला एक आई होती. भागाबाई. भागाबाई कावळीण होती. असं डोळे मोठे करून बघू नका. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. शाळेत फक्त एवढंच सांगत नाहीत की त्याला भरवताना त्या कावळिणीची कंबर मोडते.

गोंद्याला नेल्यापासून भागाबाईच्या घशाखाली घास उतरेना. शेजारच्या कावळिणी समाचाराला आल्या. समाचाराला म्हणजे, बघायला. एक म्हणाली, "आम्ही तेव्हाच म्हणत होतो, परक्याचं पोर ते परक्याचंच." दुसरी म्हणाली, "आता त्या वाटेला जाऊ नकोस बाई. आपल्या फांदीची बदनामी होते." मग सगळ्या उडाल्या, आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही.

भागाबाईनं पहाटे उंबरं गोळा केली. गोंद्याला उंबर फार आवडायचं. पानात बांधली आणि वेळूच्या बेटावर गेली.

फाटकावर दगडू तरस हवालदार होता. फाटकाला दोन रांगा होत्या. एक नातेवाइकांची, ती उन्हात. दुसरी फिर्यादींची, ती करंजाच्या सावलीत. भागाबाई अर्थात उन्हात उभी राहिली. दुपार कलल्यावर तिचा नंबर लागला.

"कुणाला भेटायचंय?" तरसानं विचारलं.

"गोंद्याला. कोकिळाला."

"नातं काय?"

"आई आहे मी त्याची."

तरस हसला. तरसाला हसायला तसं कारण लागत नाही, पण आज मिळालं होतं. "ए बाई, डोळे फुटले का माझे? तू कावळीण, तो कोकीळ. रक्ताचं नातं असेल त्यालाच आत सोडतात."

"दादा, मी उबवलंय त्याला. चोचीतलं काढून घातलंय."

"मग ते आचाऱ्याचं नातं झालं. आचाऱ्याला सोडत नाहीत. चल, बाजूला हो."

"बरं, ही उंबरं तरी द्याल का त्याला?"

तरसानं उंबरं घेतली. आत काही लपवलंय का ते बघायला एकेक फोडून पाहिलं. फोडलेलं उंबर कैद्याला देता येत नाही, असा नियम होता. मग ती वाया जाऊ नयेत म्हणून तरसानं खाल्ली. सरकारी नोकर काटकसरी असावा लागतो.

भागाबाई घरी आली नाही. ती तडक कोकिळाबाईंकडे गेली. म्हणजे जिनं अंडं घातलं तिच्याकडे. कोकिळाबाई आता मोठ्या गायिका झाल्या होत्या. 'आईची माया' या विषयावर त्यांच्या बैठका होत. ऐकणारे ढसाढसा रडत.

"बाईसाहेब," भागाबाई म्हणाली, "तुम्हाला आत सोडतील. तुमचं रक्ताचं आहे. एकदा जाऊन या. मी बाहेर आहे, रोज येईन, एवढंच सांगा त्याला. त्याला वाटायला नको की आईनं टाकलं."

"कुठला मुलगा?" कोकिळाबाईंनी मनापासून विचारलं. "अहो, कुठं कुठं अंडी ठेवली, आता काय आठवतं? रियाजात वेळ कसा जातो कळत नाही. आणि हे बघा, तुरुंगाची हवा दमट असते. माझा आवाज गेला तर आईच्या मायेवर कोण गाणार?"

तेही खरंच होतं. भागाबाई परत फाटकावर आली आणि उन्हात उभी राहिली.

रोज यायची. रोज तरस विचारायचा, नातं काय? रोज ती सांगायची, आई. रोज तो हसायचा. आणि दर काही दिवसांनी ती बघायची की सावलीतल्या रांगेतून एक मुंगूस ऐटीत आत जातंय. एके दिवशी तिनं विचारलंच, "दादा, हा कुणाचा नातेवाईक?"

"छे! तो फिर्यादी आहे. सापावर केस आहे त्याची. फिर्यादीला आरोपीची ओळख पटवायला दर तारखेला आत न्यावंच लागतं. बसायला पाट, प्यायला पाणी. कायदा म्हणजे कायदा."

भागाबाई वेडी नव्हती. ती उडाली आणि करंजाच्या सावलीत जाऊन बसली.

"मला फिर्याद द्यायचीय," ती म्हणाली. "गोंद्या कोकिळावर."

"अरे वा!" तरस उठून उभा राहिला. "या, भागाबाई. बसा. काय केलं त्या नालायकानं?"

गोंद्यानं आयुष्यात कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. खोटं बोलावं तर जिभेवर येईना. आणि खरं असं एकच होतं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, गोंद्याला तर नाहीच नाही. कावळ्यांच्या घरट्यांतून अशा गोष्टी घडतात, आणि शहाण्या कावळिणी त्या गिळून टाकतात.

"माझं एक अंडं होतं," ती हळूच म्हणाली. "माझं स्वतःचं. ते यानं घरट्यातून खाली ढकललं. फुटलं."

"खून!" तरसाच्या तोंडाला पाणी सुटलं. "उद्याच या ओळख पटवायला."

आता गंमत बघा. बातमी जंगलभर झाली. ज्या कावळिणी उडून गेल्या होत्या, त्या ओळीनं परत आल्या. भागाबाईचा नारळ देऊन सत्कार झाला. 'धैर्यवान माता' म्हणाले तिला. ती आई होती तोवर कुणी पाणी विचारलं नव्हतं. वैरीण झाली तशी तिच्या नावानं सभा भरली. कावळ्याचं नशीबच तसं. तुमच्या घरी बघा ना, एरवी हाड हाड करतात आणि दहाव्याला हात जोडून बोलावतात.

दुसऱ्या दिवशी भागाबाई आत गेली. गोंद्या वेळूंच्या मागे बसला होता. पंखांची चमक गेली होती. तिला बघून तो उठला, "आई!" म्हणाला, आणि मग तिच्या मागे तरस बघून थबकला. फिर्याद आणि फिर्यादीचं नाव त्याला सकाळीच वाचून दाखवलं होतं.

भागाबाई त्याच्याकडे झेपावणार होती. पण माया दाखवली तर हाकलून देतील, हे तिला माहीत होतं. मग ती ओरडली. कावळीणच ती, ओरडायला काय शिकवायला लागतंय?

"मेल्या! काय अवस्था करून घेतलीस! छातीचं हाड दिसायला लागलं! खात नाहीस वाटतं, मुडद्या? देतील ते गिळत जा गपगुमान! आणि त्या कोपऱ्यात ओल आहे, तिथं कशाला मरायला बसतोस? इकडे उन्हाच्या कवडशात बैस!"

तरस खूश झाला. असा दात-ओठ खाणारा फिर्यादी त्यानं पाहिला नव्हता.

गोंद्या कवडशात येऊन बसला. त्याच्या लक्षात आलं होतं. तरीही त्यानं विचारलं, "आई, ते अंड्याचं... खरंय?"

ओरडता ओरडता भागाबाईचा आवाज चिरकला. "खरं नाहीतर काय खोटं सांगायला आलेय? चारा आणायला गेले होते. परत आले तर झाडाखाली फुटलेलं. वर बघते तर तू चोच वासून बसलेला. डोळेही उघडले नव्हते तुझे. नुसता भुकेनं ओरडत होतास. मग काय करणार होते मी, रांडेच्या? भरवलं!"

पुढं ऐका.

"आरोपीला आपल्या कृत्याची लाज वाटली, तो रडला," असं तरसानं नोंदवलं. आणि वेळ संपली.

त्यानंतर भागाबाईचे दिवस बरे गेले. न्यायाधीश घुबड होते. कोर्ट दिवसा, तुरुंगाच्या आवारातच भरायचं, त्यामुळे न्यायाधीशांना समोर कोण उभं आहे ते दिसत नसे आणि झोपही आवरत नसे. ते फक्त "पुढची तारीख" एवढं म्हणत. इतर फिर्यादी कपाळ बडवून घेत. भागाबाई मात्र त्यांना मनोमन नमस्कार करी. एकेक तारीख म्हणजे एकेक भेट. दर तारखेला ती आत जाऊन यथेच्छ शिव्या देऊन येई. "मेल्या, पंख साफ ठेव, उवा पडतील!" "गाढवा, रात्री रडत बसू नकोस, झोपत जा!" एकदा तर पुरावा म्हणून तिनं उंबरंही आत नेली. "याच उंबरांवर पोसला होता हा," असं म्हणाली. पुरावा फोडता येत नाही, असा नियम होता. तरसाला नुसतं बघत राहावं लागलं.

मग एक दिवस आंब्याला खरंच मोहोर आला. घुबड न्यायाधीशांना वास आला आणि जाग आली. आता वसंत आलाच आहे, तर ऋतुद्रोह उरतो कुठं? गोंद्याला त्या गुन्ह्यातून निर्दोष सोडलं. भागाबाईनं आनंदानं पंख फडफडवले.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "याच्यावर आणखी एक केस दिसते. खुनाची. त्यात हा जन्मभर आत."

जी दोरी धरून ती दर तारखेला त्याच्यापर्यंत पोचत होती, तीच त्याच्या पायात होती.

"महाराज, मी फिर्याद मागे घेते!"

"मागे कशी घेणार? अंडं फुटलं की नाही फुटलं? फुटलं असेल तर हा आत. फुटलं नसेल तर खोट्या फिर्यादीबद्दल तू आत."

"आई, खरं ते सांग," गोंद्या वेळूंमागून ओरडला. "मी राहतो आत. मला सवय झालीय."

भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या अंड्यावर बसून तिनं रात्री काढल्या होत्या. त्याचा फिका निळा रंग तिला अजून आठवत होता. त्याला या जगात आठवणारं दुसरं कुणी नव्हतं.

"फुटलं नाही, महाराज," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "फुटणार कुठून? मला आयुष्यात अंडंच झालं नाही. सगळं खोटं. लिहून घ्या."

लिहून घेतलं. गोंद्या बाहेर आला, भागाबाई आत गेली. कावळिणींनी ठराव करून आपला नारळ परत मागितला.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गोंद्या फाटकावर हजर. चोचीत भाकरीचा तुकडा होता. गुराख्याच्या शिदोरीतून पळवून आणलेला. भागाबाईला शिळी भाकरी फार आवडायची. सगळं जंगल मोहरलं होतं, सगळे कोकीळ गात होते, आणि हा उन्हात रांगेत उभा होता.

"कुणाला भेटायचंय?" तरसानं विचारलं.

"भागाबाईला."

"नातं काय?"

"मुलगा."

तरस पोट धरधरून हसला. "अरे येड्या, तिनं कोर्टात लिहून दिलंय, तिला अंडंच झालं नाही. मग मुलगा काय आभाळातून पडला? चल, नीघ."

गोंद्या उडाला आणि करंजाच्या सावलीत जाऊन बसला.

"मला फिर्याद द्यायचीय. भागाबाई कावळिणीवर."

"या, या, गोंदाजीराव," तरसानं पाट मांडला. "काय गुन्हा?"

"फसवणूक. मी लहान होतो, डोळे उघडले नव्हते. तेव्हा हिनं मला, मी तुझी आई आहे, असं खोटंच सांगितलं. मला ते खरं वाटलं. अजून वाटतंय."

"अरेरे! लहान पिल्लाला फसवलं!" तरस हळहळला. "फार गंभीर आहे हे. चला, आत्ताच ओळख पटवा. आणि ती भाकरी?"

"पुरावा आहे."

तरसानं निमूटपणे फाटक उघडलं. वेळूंमागं भागाबाई बसली होती, नेमकी ओल असलेल्या कोपऱ्यात. गोंद्यानं भाकरी तिच्यापुढं ठेवली, छाती फुगवली आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या आईवर ओरडला.

"फसवी! खोटारडी! ऊठ तिथून, कवडशात बैस आधी!"

"हळू रे मेल्या," भागाबाई म्हणाली. "घसा बसेल. गायचे दिवस आहेत."

तात्पर्य : आपल्या जिवलगावर वेळीच एखादी भक्कम फिर्याद करून ठेवावी. संकटाच्या वेळी भेटायला नातं उपयोगी पडत नाही.