चार खुर्च्या आणि एक छत्री

ज्ञानेश गांगुर्डेने घरातल्या चारही लोखंडी खुर्च्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या, तेव्हा साधनाने एवढंच विचारलं, "नव्या आल्यावर दिल्या असत्या तर चाललं नसतं का?"

"नव्या आल्यातच जमा आहेत," ज्ञानेश म्हणाला. "ऑनलाइन ऑर्डर आहे. आपल्या सुतारासारखं 'उद्या या, परवा या' नसतं तिथं."

२००९चा उन्हाळा होता. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या रो-हाऊसला वर ऐसपैस गच्ची होती. लग्नापासून साधनाने भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढले होते. आपल्या घराच्या गच्चीवर बसून संध्याकाळचा चहा प्यायचा, एवढीच तिची हौस. ज्ञानेश एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याला एक वेबसाइट सापडली. चार विणीच्या खुर्च्या, काचेचं गोल टेबल आणि त्यावर लग्नाच्या मांडवाएवढी छत्री. खाली लिहिलं होतं, 'पॅटिओ सेट'. पॅटिओ म्हणजे काय, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ज्ञानेशचा भाव आणखीच वधारला.

बायकोची हौस पुरवून तो गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्याने चित्राची रंगीत प्रिंट काढून स्टाफरूममध्ये फिरवली. ती प्राचार्यांपर्यंत गेली. ते म्हणाले, "छान. एका रविवारी येतो तुमच्या पॅटिओवर चहाला." आणि डायरी उघडून त्यांनी रविवार ठरवूनही टाकला.

माल घरपोच मिळणार होता. मिळाला तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा फोन. "पार्सल आलंय. द्वारका चौकातल्या गोदामात येऊन घेऊन जा."

"पण घरपोच होतं ना?"

"तुमच्या गावापोच हाय. घर तुमचं तुम्हाला सापडंल," पलीकडून सावळीराम नावाचा कारकून म्हणाला.

ज्ञानेश टेम्पो करून गेला. खोका माणसाहून लांब आणि खांबासारखा बारीक होता. त्यात चार खुर्च्या कशा बसवल्या असतील, याचं कौतुक करत त्याने तो गच्चीवर चढवला. आतून छत्री निघाली. लालभडक, झालरीची, उघडली की निम्मी गच्ची झाकणारी. तिला उभं करायचं बूड मात्र नव्हतं, आणि खुर्च्या-टेबलाचा पत्ता नव्हता.

त्याने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी गोड आवाजात हिंदीत बोलू लागली. ज्ञानेशने तिला समजावलं, "मॅडम, सिर्फ छत्री आया है. बाकी सामान नहीं आया."

"सर, छत्री नहीं आया?"

"छत्रीच आया है."

"असुविधा के लिए खेद है सर. तुरंत भेजते हैं."

प्राचार्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुसरा खोका आला. लांबी-रुंदी पाहूनच साधना स्वयंपाकघरात निघून गेली. ज्ञानेशने तो तरीही उघडला. माणसाला आशा असते. आत दुसरी लाल छत्री होती.

"सरांना सांग, माझी तब्येत बरी नाही," तो म्हणाला.

"सकाळीच त्यांच्या मिसेस भाजीबाजारात भेटल्या मला. दोघं येणार आहेत," साधना म्हणाली. "आणि उद्या कुणी मला 'तब्येत कशी आहे यांची' असं विचारलं, तर मी काय सांगू?"

खालचा सोफा वर न्यायचा, तर जिन्याच्या वळणावर तो असा अडकला की वरही जाईना आणि खालीही येईना. शेवटी सोफ्यावरून चढून दोघांनी वर स्वयंपाकघरातली दोन स्टुलं नेली. प्राचार्य आणि त्यांच्या मिसेसही सोफ्यावरूनच चढून आले. ऊन अजून उतरलं नव्हतं. पाहुण्यांना सावली हवी आणि छत्रीला बूड नाही. मग ज्ञानेशने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि तो उभा राहिला.

"बसा ना, गांगुर्डे," प्राचार्य म्हणाले.

"नको सर, मी ठीक आहे."

पालखीबरोबर अब्दागीर धरून उभ्या असलेल्या मानकऱ्यासारखा तो पाऊण तास उभा होता. मधेच वारा सुटला, तेव्हा तो छत्रीसकट कठड्यापर्यंत जाऊन आला. साधनाने त्याच्या तोंडाला चहाचा कप लावला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने सगळे कपडे पुन्हा एकदा झटकून वाळत घातले. जाताना प्राचार्य म्हणाले, "पॅटिओ म्हणजे काय ते आज कळलं."

सोमवारी ऑफिसात सगळे उभे राहूनच त्याच्याशी बोलत होते.

आता ज्ञानेश पेटला. तोंडी काम नको म्हणून त्याने दोन्ही छत्र्यांचा फोटो काढला आणि ई-मेलने पाठवला. इंग्रजीत लिहिलं, हे पाहा, तुम्ही काय पाठवलं आहे. कंपनीने फोटो नीट पाहिला असावा. रंग पसंत पडला नाही, असा त्यांचा समज झाला. पुढच्या खेपेला हिरवी छत्री आली. तिच्याबरोबर झालेल्या त्रासाबद्दल भेट म्हणून आणखी एक आली. ती निळी होती.

"मी घेणार नाही," द्वारकेच्या गोदामात तो सावळीरामला म्हणाला. "परत पाठवा."

"पाठवतो की. पाठवणाऱ्याचं पत्र आणा, माल चुकून गेला म्हणून. तोवर भाडं चढंल गोदामाचं." सावळीरामने सहीला पेन पुढे केलं. "न्या ना साहेब. पाऊस आला की कामाला येतील."

चार छत्र्या घरात कुठे ठेवायच्या? दोन सोफ्याच्या मागे जिन्यातच उभ्या राहिल्या. तेवढ्यात मखमलाबादहून ज्ञानेशची आई नवसाबाई आली. मळ्यातली झेंडूची फुलं ती रोज बाजारात विकायला बसायची. जिन्यातली अडगळ तिने पाहिली.

"एक नेऊ का रे? बाजारात लय ऊन लागतं. फुलं दुपारलाच माना टाकत्यात."

"ने. सगळ्या ने," ज्ञानेश म्हणाला.

तिने लाल छत्री पाटीशेजारच्या खांबाला सुतळीने बांधली. तिची फुलं संध्याकाळपर्यंत ताजी राहू लागली. शेजारच्या लंकाबाईने हिरवी मागून नेली, फुलाबाईने निळी. चौथीवरून दोघी कोथिंबीरवाल्यांचं वाजलं. रविवारी सकाळी ज्ञानेशच्या दारात पाच बायका उभ्या राहिल्या. "तुमच्याकडं छत्र्या येत्यात म्हणं," त्यातली एक म्हणाली. "पुढची कधी येणार हाय?"

ज्ञानेशने दार लावून घेतलं. साधनाने ते पुन्हा उघडलं आणि पाचहीजणींना पाणी दिलं.

त्याच आठवड्यात मुंबईहून एक टायवाला गृहस्थ आला. हातात बॅग, तोंडावर घाम. कंपनीचा विभागीय मॅनेजर असल्याचं त्याने सांगितलं. आपली तक्रार शेवटी वरपर्यंत पोचली, असं वाटून ज्ञानेशचा ऊर भरून आला. सोफ्यावरून चढवून त्याने त्याला गच्चीवर नेलं. साधनाही मागोमाग आली.

"मिस्टर गांगुर्डे, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती," मॅनेजर म्हणाला. "उत्तर महाराष्ट्रात आमच्या गार्डन छत्र्यांना गिऱ्हाईक नाही. तुमच्या एकट्याच्या पत्त्यावर मात्र चार छत्र्या, सगळ्या सही करून घेतलेल्या, एकही परत नाही. मी येताना बाजारातही पाहिल्या. नाशिकची एजन्सी तुम्हीच घ्यावी, असं आमचं म्हणणं आहे. आपण जरा बसून बोलू या का?"

"बसायचं तेवढं तुमच्याकडूनच यायचं राहिलंय," ज्ञानेश म्हणाला.

मॅनेजरने रिकाम्या गच्चीवर नजर फिरवली आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली. ज्ञानेशने मग पहिल्यापासून सगळी हकीकत उभ्यानेच सांगितली. मॅनेजर मान खाली घालून ऐकत होता. "मी जातीने लक्ष घालतो," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या चार खुर्च्या आठवड्यात इथे असतील. एजन्सीचं राहू द्या मग."

"एजन्सी घेऊ की आम्ही," साधना म्हणाली. "माझ्या नावावर करा."

दोघंही तिच्याकडे पाहू लागले.

"बाजारात वीस छत्र्या तर आत्ता लागतील. पुढे पिंपळगावला द्राक्षांच्या गाड्यांपाशी लागतील, त्या वेगळ्या."

मॅनेजरचा चेहरा उजळला. त्याने घाईघाईने बॅगेतून कागद काढला, कठड्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. "लिहून घेतो. वीस गार्डन छत्र्या."

"छत्र्या नका लिहू," साधना म्हणाली. "वीस खुर्च्या लिहा."