धातूकाचेची वाटी

ज्या भांड्यावर नाव नाही ते कोणाचेच नसते. म्हणून ते ज्याच्या घरी सापडेल त्याचे असते. हिऱ्यांच्या शहरातल्या डिंडोलीतील आमच्या खानदेशी सोसायटीचा व्यवहार याच तत्त्वावर निर्वेध चालतो. (शेजारी भाजी घेऊन गेलेल्या, नाव घातलेल्या वाट्यांपैकी एकसष्ट टक्के परत येतात. उरलेल्या अजून परत द्यायच्याच आहेत.)

अशा समाजात धातूकाचेचे आगमन ही गौरवाची घटना होय. वितळलेला मिश्रधातू इतक्या झपाट्याने थंड करतात की अणूंना रांगेत उभे राहायला सवडच मिळत नाही. ते असतील तिथेच, गोंधळलेल्या अवस्थेत, कायमचे थिजतात. (वरच्या मजल्यावरची चैताली जिन्यात समोर आली की माझेही असेच होते.) हा पदार्थ पोलादाहून कठीण, सहसा न गंजणारा, दाबला तरी पूर्ववत होणारा, आणि तुटायचाच झाला तर पूर्वसूचना न देता तुटणारा आहे. विजेच्या रोहित्रांचे गाभे, शस्त्रक्रियेची पाती, असे त्याचे उपयोग सांगतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी त्याची एक वाटी घडवली. संध्याकाळच्या तापीसारखी तकाकणारी. उपयोग: चैतालीच्या लग्नातला आहेर.

आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. जे तिला कधी सांगता आले नाही, त्यातले निदान माझे नाव तिच्या स्वयंपाकघरात राहावे, एवढीच योजना होती.

लिंबायतचे भाऊराव चाळीस वर्षे भांड्यांवर नावे घालतात. या वाटीवर त्यांच्या तीन छिन्न्या बोथट झाल्या.

"हाई वाटी शे का पुढारी?" ते म्हणाले. "कितलं बी ठोका, काही उमटत नही."

शेवटी हिरे घासणाऱ्या धम्मपालने हिऱ्याची सुई आणली. ती टेकताच ओरखडा उमटला.

"बोल, काय नाव घालू?"

मी त्याला धातूकाचेचे उष्णतेतील वर्तन समजावू लागलो. वीस मिनिटे ऐकून तो पाळीवर निघून गेला.

मंडपात चैतालीने वाटी उलटसुलट पाहिली. "यावर नाव का नाही रे?"

"पदार्थ फार कठीण आहे," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात ती वाटी कढी घेऊन चैतालीच्या शेजारी गेली, तिथून आणखी कुठे गेली, आणि आली नाही. चैताली म्हणे दारोदार तिची चौकशी करते. आहेरातल्या, अशाच गेलेल्या बाकी चौदा वाट्यांची करत नाही.

आपल्या फडताळात अशी एखादी बिननावाची वाटी असल्यास आपण ती परत करणार नाही, हे मला ठाऊक आहे. नाव असलेल्या तरी कुठे केल्या आहेत? तिच्यात निःशंकपणे आंबट ठेवावे. गंजणार नाही.