एका फुटाला एक सूत

पोलादपूरचे पोस्टमास्तर त्रिंबकराव यांच्या लेखी मी साडेपाच सूत उंचीचा माणूस होतो. शाळेवर नव्याने रुजू झालो आणि पाकिटं घ्यायला पोस्टात गेलो, तर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला टाळूपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उंची?" मला वाटलं, सरकारी नियम असेल. मी म्हटलं, "साडेपाच फूट." "म्हणजे साडेपाच सूत," असं पुटपुटत त्यांनी ते एका चिठोऱ्यावर टिपून घेतलं. माझ्या काखेतली छत्री बघून पुढे "छत्री" असंही लिहिलं. पाकिटं द्यायची मात्र विसरले.

सूत म्हणजे सुताराचं सूत, इंचाचा आठवा भाग. त्रिंबकरावांना विलायती आगबोटींच्या पेट्या मागवून छोट्या बोटी जोडण्याचा नाद होता. पेटीत कापलेल्या फळ्या, पितळी तारा, दोरे, सुपारीएवढे भोंगे आणि एक नकाशा. नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असे, "एकास शहाण्णव". म्हणजे खऱ्या बोटीच्या एका फुटाला इथे एक सूत. हे प्रमाण त्यांच्या डोक्यात असं बसलं होतं की ते सगळं गाव सुतात मोजायचे. आमचे हेडमास्तर पावणेसहा सूत. पोस्टासमोरचा आंबा चाळीस सूत. कुणी म्हणालं, "केवढा मोठा साप निघाला हो!" की त्रिंबकराव गंभीरपणे म्हणत, "मापात बोला."

पार्सल यायचं ते महाडहून, मोटरीने. मोटर नुकतीच सुरू झाली होती. पार्सल स्वतःच्याच नावाचं असलं की त्रिंबकराव सरकारी कोट खुंटीला अडकवत, टोपी घालत, दार उघडून बाहेर येत आणि खिडकीशी लोकांच्या रांगेत उभे राहत. आत पोस्टमन. नंबर लागला की विचारत, "त्रिंबक केशव या नावाचं काही आहे का?" सही करून पार्सल घेत, आत जाऊन कोट चढवत आणि पुढच्याला म्हणत, "बोला." हे सारं गाव बघायचं, पण हसायची कुणाची टाप नव्हती. मी घरी येऊन नक्कल करायचो आणि बायको पोट धरून हसायची.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कांचे डोळे वयाच्या तिसऱ्या वर्षी देवीत गेले. लग्न झालं नाही. त्रिंबकरावांनीही मग केलं नाही. आक्का दिवसभर देवाच्या वाती वळत बसायच्या. गावातल्या निम्म्या देवघरांत त्यांच्याच वाती. सोवळं कडक. त्रिंबकराव बोटीचे तुकडे सरसाने चिकटवत आणि सरस कातड्याचा, म्हणून त्याची शेगडी परसात.

"आक्का हल्ली दुपारी पुन्हा आंघोळ करतात," माझी बायको एकदा म्हणाली. "एकदा नाही, कधीकधी तीनतीनदा. काहीतरी बिनसलंय बाई डोक्यात."

त्रिंबकरावांची एक बोट मी पाहिली होती. दोन फूट आणि वर इंचभर, पाटावर ठेवलेली. कारागिरी अशी, की मी खाली वाकून तार न् तार न्याहाळली. पण कठड्याच्या तारा जागोजाग वाकून पुन्हा सरळ केलेल्या, आणि डोलकाठी तर तीनदा जोडलेली. मी म्हटलं, "उंदीर फार झालेत वाटतं?" ते म्हणाले, "घरात उंदीर नाहीत." बस्स.

मग मोटरचं प्रकरण झालं. मुंबईच्या दुकानदाराने सांगून-सवरून मोटरची पेटी पाठवली. त्रिंबकरावांनी रांगेत उभं राहून ती घेतली, उघडली, पट्टी लावली आणि त्याच दिवशी परत केली. मोटर नऊ इंच लांब होती.

"गुरुजी, नऊ इंच म्हणजे बहात्तर सूत," ते मला म्हणाले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "बहात्तर फुटी मोटर बघितलीत कधी? घाटात वळेल का?"

"अहो, शोभेची वस्तू आहे. बोटीशेजारी ठेवायची."

"बोटीशेजारी ठेवायची म्हणूनच," ते म्हणाले.

शाळेत मी हे रंगवून सांगितलं. आठवडाभर पुरलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच उन्हाळ्यात आक्कांच्या पोटात दुखू लागलं. महाडचे डॉक्टर येऊन बघून गेले. पोटात गाठ आहे, महाडला आणा, कापावी लागेल, म्हणाले. बैलगाडीचे हिसके सोसायचे नाहीत, मोटरनेच आणा. आणि जून लागला की पावसामुळे मोटर बंद. हातात बारा-तेरा दिवस.

आक्का मोटरीत बसायला तयार होईनात. मोटर घरावरून गेली की फळीवरची भांडी वाजायची, जमीन हलायची. तेवढ्यावरून त्यांनी तिचा आकार बांधला होता. "माणूस गिळेल असलं जनावर ते," त्या म्हणायच्या. "इथेच मरेन. तिच्या पोटात जाऊन नाही." बायकांनी समजावलं, भटजींनी समजावलं. मी तर मोटर म्हणजे काय यावर व्याख्यानच दिलं. आक्का वाती वळत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी त्रिंबकराव माझ्या दारात. हातात टेप. "गुरुजी, दुसरं टोक धरायला या."

महाडची मोटर नाक्यावर सुटायच्या बेतात होती. त्रिंबकरावांनी तिची लांबी घेतली, रुंदी घेतली, टप घेतला, बाकांची उंची घेतली. मी टेपचं टोक धरून मान खाली घालून उभा. आत माझ्या विद्यार्थ्यांचे बाप बसलेले. ड्रायव्हर उमरठचा, धोंडू नावाचा. त्याने भोंगा वाजवून पाहिला.

"पोस्टमास्तर, सोडा आता. टायम झाली हाय."

"चाक राहिलंय."

"चाक गोल हाय. आजून काय पायजे?"

मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "काय गो, मोटर इकायला काढली हाय काय?"

त्रिंबकराव चाकाशी उकिडवे बसले होते. वर न बघता म्हणाले, "धोंडू, माझ्या बहिणीला महाडला न्यायचंय. मोटर केवढी ते कळल्याशिवाय ती बसणार नाही."

धोंडू खाली उतरला. त्याने टेप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चाकाला लावला. "तीन फुटाला जरा कमी," तो म्हणाला. "नीट लिवा."

चार दिवस त्रिंबकराव शिवणीचं लाकूड कोरत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आक्का माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा दुखण्याने ओढलेला. पुढे पाटावर ती बोट. शेजारी लाकडाचं एक घर, चार इंचांचंसुद्धा नाही. त्यांचंच घर. त्रिंबकरावांनी आक्कांच्या तळहातावर मोटर ठेवली. दोन इंच आणि वर दोन सूत. चाकं सदऱ्याच्या बटणांची.

"ही मोटर?"

"ही मोटर."

"माप तेच? बोटीचंच?"

"तेच, आक्का. एका फुटाला एक सूत."

आक्कांची बोटं बोटीवर गेली. कठड्यावरून, डोलकाठीवरून सराईतपणे फिरली, मग घरावर आली, मग परत मोटरवर. वाती वळणारी ती बोटं, त्यांच्यातून केसभरही काही सुटत नव्हतं. दुपारच्या आंघोळी कशाच्या, ते मला तेव्हा कळलं. सरस लागलेल्या बोटीला हात लावून वातींना कसा लावतील त्या?

"म्हणजे घराहून धाकटीच की," आक्का म्हणाल्या. "मग भांडी का वाजतात?"

"खोकते फार."

आक्का हसल्या. त्यांनी टप उचलला, आतले बाक चाचपले. पुढच्या बाकावर एक बाहुली बसवलेली. "ही मी?"

"पावणेपाच सूत."

"आणि ही छत्री... गुरुजी!" माझ्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "तुम्ही येताय होय सोबत?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "येतोय की."

"माझ्या या बाजूला जागा मोकळी आहे, त्रिंबक."

"तिथे मी बसेन."

आक्कांनी टप लावला. "उद्या जाऊ," म्हणाल्या.

परत निघताना त्रिंबकराव पायरीवर माझ्याशी बोलले, पहिल्यांदाच सुताशिवाय. "मी शिकायला बोटीने मुंबईला निघालो तेव्हा तिने विचारलं, बोट केवढी असते रे? मी म्हटलं, घराएवढी. तर म्हणाली, घरातली पावलं मला ठाऊक आहेत, पण अख्खं घर केवढं असतं? मला सांगता आलं नाही, गुरुजी. बोटीत रात्रभर रडलो."

आक्का मोटरीत बसल्या. ती लाकडी मोटर मांडीवर धरून महाडपर्यंत गेल्या, आणि धोंडूने इतकी हळू गाडी कधी चालवली नसेल. गाठ निघाली. त्यानंतर आक्का तीन वर्षं जगल्या आणि एका सकाळी वाती वळता वळता गेल्या.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर त्रिंबकरावांनी एक डबा पुढे केला. आत सगळं गाव होतं. पावणेसहा सूत हेडमास्तर, पोस्टमन, भटजी, धोंडू, माझी बायको. "तुमचे तुम्ही घेऊन जा," ते म्हणाले. "आता इथे कोण ओळखणार तुम्हाला?"

मी छत्रीवाला उचलला. मग डब्यात बराच वेळ शोधत राहिलो.

"त्रिंबकराव, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी नाही केला," ते म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पण हात त्याच्यावरच ठेवला. "रोज संध्याकाळी पोस्टातून आलो की ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची, गुरुजी. मी तिला एकास एक होतो."