डाव्या गालाची मागणी

डॉ. भालचंद्र उकिडवे यांच्या डाव्या गालातल्या पेशींनी रविवारी सकाळी, चहाच्या आधी, भिंतीची मागणी केली.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या उकिडव्यांना कराडच्या एका महाविद्यालयाने पेशीच्या शोधावर बोलायला बोलावले होते. आयुष्यभर शिकवलेले आपल्याला खरेच येते का, ही शंका त्यांना भाषण ठरले की हटकून येई. म्हणून त्यांनी घरचा सूक्ष्मदर्शक काढला. काचपट्टीवर एका बाजूला कांद्याचा पापुद्रा ठेवला, दुसऱ्या बाजूला गालाच्या आतून काडीने खरवडलेला थर आणि त्यावर निळ्या रंगाचा थेंब. पट्ट्या कमी लागाव्यात म्हणून दोन्ही एकाच पट्टीवर लावायची त्यांची प्रयोगशाळेतली जुनी सवय. तीच नडली. गालाच्या पेशींनी शेजारचा कांदा पाहिला.

"सर, यांना भिंत आहे," नेत्रिकेतून आवाज आला. "आम्हाला का नाही?"

उकिडवे स्टुलावर बसले. ऐकायचे तर नेत्रिकेला कान लावावा लागे, बघायचे तर डोळा. दोन्ही एकदम जमेना. त्यांनी कान लावला.

"तुम्ही प्राण्याच्या पेशी आहात," ते म्हणाले. "तुम्हाला पटल असतं. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, ते पटल ठरवतं."

"पटल कांद्यालाही आहे. वर भिंत आहे ती वेगळी."

हे बरोबर होते.

"केंद्रक दोघांनाही आहे. सगळा कारभार तिथूनच चालतो," उकिडवे म्हणाले.

"कारभाराबद्दल तक्रार नाही, सर. राहण्याबद्दल आहे. हे लोक विटांसारखे ओळीत बसलेत, प्रत्येकाच्या आत पाण्याची टाकी. आम्ही कसेही पडलोय. तुम्ही काही कडक चावलंत की निम्मे सोलून जातो."

त्यांच्या पत्नी, नलिनीबाई, चहा घेऊन आल्या. "कोणाशी बोलताय?"

"गालाशी. डाव्या. त्याला भिंत हवीय."

"उजव्याला विचारलंत का? नाहीतर एकीकडून सुजल्यासारखे दिसाल."

"अगं, भिंत आली की गाल ताठ होणार. आज गाल, उद्या गुडघे. मग मी जागचा हलणारच नाही."

नलिनीबाईंनी कप खाली ठेवला. त्यांची नजर अधू होती. "मग तसं सांगा त्यांना नीट. मला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही."

उकिडव्यांनी घसा साफ केला. "भिंतीमुळे हालचाल जाते. झाड बघा. त्याला हलता येत नाही, म्हणून अन्न जागेवरच करावं लागतं. पानातल्या पेशींत हिरवे कण असतात..." इथे थांबावे हे त्यांना कळले होते. पण अर्धे उत्तर त्यांनी कधी कोणत्या विद्यार्थ्याला दिले नव्हते. "...त्यांच्यावर ऊन पडलं की पाणी आणि हवेतून साखर तयार होते."

"म्हणजे जेवणाचीही सोय आहे," पेशी म्हणाली. "हे कांद्यानं सांगितलं नाही."

"कांदा जमिनीखाली असतो. त्याच्या पापुद्र्यात ते कण नसतात," असा खुलासा उकिडव्यांनी केला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"आणखी एक, सर. पेशीचा शोध लागला तेव्हा माणसाला पहिल्यांदा काय दिसलं?"

"बुचाच्या कापातले कप्पे."

"आत कोणी होतं?"

"नाही. पेशी मेलेल्या होत्या. नुसत्या भिंती उरल्या होत्या."

"बघा. राहणारा गेला तरी भिंत राहते. आमचं काय उरतं?"

उकिडवे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. चहावर साय धरली.

"आम्हाला परत गालात ठेवा," पेशी म्हणाली. "बाकीच्यांना कळवायचं आहे."

"नळाखाली धरा ती पट्टी," ही मागणी उकिडव्यांकडून कळताच नलिनीबाई म्हणाल्या. "विषय मिटला."

"मला उत्तर येत नाही म्हणून विचारणाऱ्याला धुऊन टाकू?"

"मग निदान तुमचीही बाजू सांगायला सांगा."

"दोन्ही बाजू सांगू," पेशीने शब्द दिला.

उकिडव्यांनी काडीने थर उचलला आणि जिथून काढला होता तिथे ठेवला. जीभ निळी झाली.

पेशी पेशीपासूनच होते, एकीच्या दोन होतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले होते. त्यामुळे पुढचे सगळे त्यांना समजत गेले, फक्त सहन होत नव्हते. गुरुवारी गालावर बोट वाजवले तर लाकडासारखा आवाज आला. शुक्रवारी दाढी करताना आरशात हिरवी झाक दिसली. महाविद्यालयाला त्यांनी तोंडाच्या उजव्या बाजूने फोन करून भाषण रद्द केले.

शनिवारी दुपारी नलिनीबाईंनी गच्चीत खुर्ची मांडली आणि त्यांचा डावा गाल उन्हाकडे वळवून दिला.

"गुडघे काय म्हणतात?"

"त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय."

"मग माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच जाऊन येऊ. किती भाकऱ्या टाकू तुमच्या?"

उकिडव्यांनी क्षणभर गालाचा अंदाज घेतला.

"अर्धीच टाक," ते म्हणाले. "उजव्या बाजूपुरती."