अकराचं पाणी

पाणी कुठून गळतंय हे मला विचारा! शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत. भिंतीला कान लावून आतला पाइप कुठे फुटलाय ते सांगणारा माणूस आहे मी. तेव्हा आमच्या हिच्या संस्थेत 'गळतं की नाही' हा प्रश्न निघाला आणि मला न विचारता या बायका वाटी-चमचा घेऊन चाचणी करायला बसल्या, हे कळल्यावर मला किती लागलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

ही म्हणजे माझी बायको. पूर्वी नर्स होती. पाळीच्या दिवसांत घडीची फडकी, वर्तमानपत्रं, अगदी उशीतला कापूससुद्धा वापरून आजारी पडलेल्या पोरी ती रोज बघायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची. जसं काही उशी मीच उसवून दिली होती! निवृत्त झाल्यावर मात्र तिने माझ्यावर चिडणं कमी केलं आणि संस्था काढली. चष्म्याच्या दुकानावरचा पहिल्या मजल्याचा हॉल, सहा शिवणयंत्रं, सात बायका. धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी पॅड शिवायची, चार पॅड, दोन चड्ड्या, साबणाची वडी आणि एक जलरोधक पिशवी असा संच करायचा, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत तो पोचवायचा. सात बायकांनी दोन वर्षांत नऊ वस्त्या पालथ्या घातल्या. माझ्या खात्यात नऊ वस्त्यांना पाइप टाकायला नुसत्या बैठकाच अकरा झाल्या असत्या.

तर प्रश्न होता शाळेचा. जवळच्या मोठ्या शाळेत तीनशे बारा मुली. मुख्याध्यापिकाबाई कडक. कुठल्याशा देणगीदाराने मागे फुकटची पॅड वाटली होती, ती पहिल्याच दिवशी गळली. नववीतली एक मुलगी भर वर्गातून उठून गेली ती शाळा सुटेपर्यंत संडासात कडी लावून बसली. त्यानंतर दर महिन्याला ती पाच दिवस घरी. गेल्या महिन्यात तर म्हणाली, आता शाळाच नको.

ती मुलगी आमच्या टेलरमावशींची नात.

टेलरमावशी म्हणजे संस्थेचा कणा. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती, याच कारणाने. पॅडच्या कडा त्या अशा काही दुमडून शिवतात की चिमटीत धरून ओढलं तरी शिवण हलत नाही. पण मुख्याध्यापिकांनी निरोप धाडला होता, "येते, बघते. एक थेंब जरी खाली उतरला तर माझ्या शाळेत काही वाटायचं नाही."

"एक थेंब!" मी हिला म्हणालो. "आणि तू चमच्याने दाखवणार? अगं, चाचणी कशी रीतसर हवी. दाब हवा, सातत्य हवं!"

"अहो, पॅड आहे ते, धरण नाही."

"यंत्र मी करतो. तू फक्त बघ."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला चाळीस वर्षांत वेळेवर कळलेला नाही; कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

यंत्र मात्र देखणं झालं! कपाटावर वीस लिटरचं पिंप, घट्ट झाकणाचं. पिंपाला आडवा पाइप, पाइपला आठ तोट्या, प्रत्येक तोटीखाली एक पॅड. पिंप रिकामं झालं की पुन्हा भरत कोण बसणार? म्हणून मागून थेट हॉलच्या नळाला जोडणी! पाणी संपायचा प्रश्नच नाही. जाहिरातीत दाखवतात तसं निळं पाणी करायला मी शाई काढली, तर टेलरमावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साहेब, निळं कुणाला येतं हो?"

सातही बायका एकदम हसल्या. मी शाई खिशात घातली. मग खाण्याच्या लाल रंगाची पुडी आणली. चिमूटभर टाकायची होती, पण करायचं ते सढळ हाताने, म्हणून सगळी टाकली.

सकाळी साडेनऊला चाचणीची चाचणी घेतली. आठही तोट्यांतून टप, टप, टप, टप. वा! ही म्हणाली, "बरं झालंय." चाळीस वर्षांत 'बरं' हा शब्द मी तीनदा ऐकला आहे. मी हवेतच होतो.

पावणेअकराला मुख्याध्यापिका आल्या. पांढरेशुभ्र कपडे, हातात हजेरीपट. तुमची कुठली पोर कधी आणि किती दिवस गैरहजर होती ते तारखेसकट त्यांच्यापाशी होतं. त्या टेलरमावशींना म्हणाल्या, "तुमच्या नातीचं नाव मी अजून कमी केलेलं नाही. पण आणखी किती दिवस ठेवू?" साडीच्या पदराने मावशींनी उगाचच शिवणयंत्र पुसलं.

मी घसा खाकरून भाषण सुरू केलं. दाब म्हणजे काय, प्रवाह म्हणजे काय, पाणीपुरवठ्याचा इतिहास. "आटपा," ही दातांतून म्हणाली. मी आटपलं. घड्याळात अकराला एक मिनिट होतं. मी ऐटीत तोट्या उघडल्या.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. या भागाला सकाळी अकरा वाजता पूर्ण दाबाने पाणी सुटतं. त्याआधी नळाला नुसती धार असते. हे वेळापत्रक कोणी लावलं? मी! सही माझी! नऊ वर्षांपूर्वी लोकांनी त्याबद्दल माझा सत्कारही केला होता. पण निवृत्त माणूस पहिलं काय विसरत असेल तर घड्याळ.

अकरा वाजले.

आधी पिंप गुरगुरलं. मग थरथरलं. मग पहिली तोटी सुटली ती समोरच्या भिंतीवर आपटली. मग दुसरी, तिसरी, पटापट आठही! आठ भोकांतून आठ लाल धारा. एक छताला, एक कापडाच्या ताग्यांना, एक माझ्या चष्म्याला. मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने टेबलावर चढल्या. हजेरीपट त्यांनी डोक्यावर धरला. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते माझं झालं, पण हॉलमधलं पाणी कुठेही पळत नव्हतं. ते साचत होतं.

"अहो, बंद करा ना!"

"मुख्य कॉक खाली आहे! चष्मेवाल्यांच्या मागच्या खोलीत!"

"मग इथे उभे राहून मला काय सांगताय!"

मी पळालो. मागून टेलरमावशींचा आवाज आला, "पोरींनो, कपाट उघडा! सगळी पॅड खाली टाका! दाराकडनं सुरुवात करा!"

खाली चष्मेवाले अंधाऱ्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. ते गिऱ्हाईक, हे मला मागाहून कळलं, मिनिटभरापासून सांगत होतं की मला अक्षरांवर लाल ठिपके दिसताहेत. आणि चष्मेवाले त्याला समजावत होते की असे ठिपके वयोमानाप्रमाणे दिसतात. छतातून तिसरा थेंब चष्मेवाल्यांच्या टकलावर पडायला आणि मी दार उघडायला एकच गाठ पडली. डोक्यापासून पायापर्यंत लाल माणूस, हातात पान्हा, आणि ओरडतोय काय, तर "बाजूला व्हा! मला बंद करायचंय!"

गिऱ्हाइकाची नजर त्या क्षणी एकदम साफ झाली. ते खिडकीतून गेलं! चष्मेवाले टेबलाखाली शिरले आणि तिथून त्यांनी पोलिसांना फोन लावला. मी तोवर भिंतीकडे वाकून कॉक फिरवत होतो आणि स्वतःशी पुटपुटत होतो, "आवळतो बघ तुला, आवळतो." हेही त्यांनी फोनवर जसंच्या तसं कळवलं.

चौकातच उभ्या असलेल्या हवालदारबाई दोन मिनिटांत आल्या. मी हात वर केले. हातातून लाल ओघळ कोपरापर्यंत आले.

"कोणाला मारलंय?"

"कोणालाच नाही हो! चाचणी होती!"

"कसली चाचणी?"

आणि इथे, सांगायला लाज वाटते, दोन वर्षं या संस्थेत वावरलेला मी अडखळलो. "ते... बायकांचं... म्हणजे आपलं..." हवालदारबाईंनी माझी कॉलर धरली. "चला, दाखवा वर बायकांचं काय केलंत ते!"

अशी आमची वरात जिना चढली. पुढे मी, मागे हवालदारबाई, त्यांच्या मागे छत्री उघडून चष्मेवाले.

वर जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. उंबऱ्याला, भिंतीच्या कडेला, यंत्रांच्या पायांशी दोनशे चाळीस पॅड ओळीने अंथरलेली. सात बायका गुडघ्यांवर. कोणी रडत नाही, कोणी ओरडत नाही. एक भरलं की उचललं, दुसरं टाकलं. जिथे घोटाभर पाणी होतं तिथे आता नुसती ओल होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक थेंब नव्हता. आणि टेबलावरून मुख्याध्यापिकाबाई बोट दाखवत होत्या, "तिकडे, कपाटाखाली! शाबास!"

मी खात्यात पूर पाहिलेत, साहेब लोक पळताना पाहिलेत. पण असं काम पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. कॉलर अजून हवालदारबाईंच्या हातात होती, तरी भरून आला.

"रंग आहे हा," ही उठून हवालदारबाईंना म्हणाली. "आणि ही पाळीची पॅड. आम्ही शिवतो. हा माणूस माझा नवरा. निरुपद्रवी आहे, फक्त हुशार आहे." एका दमात झालं! मी उगाच कॉलर देऊन बसलो होतो.

हवालदारबाईंनी कॉलर सोडली. एक भिजलेलं पॅड उचललं, उलटं केलं, खालून बोट फिरवलं. बोट कोरडं. "चौकात मी बारा-बारा तास उभी असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्यासाठी मिळतील का?"

पण मुख्याध्यापिका इतक्यात मानणाऱ्या नव्हत्या. त्या टेबलावरून उतरल्या. सगळ्यांत जास्त भिजलेलं पॅड त्यांनी स्वतः निवडलं. खुर्चीवर स्वतःचा पांढरा रुमाल पसरला, त्यावर पॅड, त्यावर आमची जलरोधक पिशवी, आणि त्यावर त्या बसल्या! अगदी नीट टेकून.

"शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो," त्या म्हणाल्या आणि हजेरीपट उघडून वाचू लागल्या.

पस्तीस मिनिटं! हॉलमध्ये कोणी हललं नाही. हवालदारबाई दाराशी उभ्या. चष्मेवाल्यांनी छत्री मिटली. मी एकदा पाण्याच्या घनतेबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर हिने ते नजरेनेच बंद केलं. टेलरमावशी तेवढ्या खुर्चीच्या पायांकडे बघत होत्या. त्यांची बोटं पदराची कड दुमडत होती, सोडत होती, पुन्हा दुमडत होती.

बाई उठल्या. पॅड बाजूला केलं. रुमाल उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

पांढरा! नुसता पांढरा! सात बायकांनी एकदम जो श्वास सोडला त्याने माझा चष्मा धुरकटला असता. मुख्याध्यापिकांनी रुमालाची घडी घातली आणि टेलरमावशींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "या कडा तुम्ही दुमडल्यात?"

"होय बाई."

"सोमवारपासून तीनशे बारा संच हवेत. आणि मुलींना धुवायला, वाळवायला शिकवायला तुम्ही स्वतः यायचं. वर्गात. फळ्यापाशी उभं राहून."

सातवीत शाळा सुटलेल्या मावशी मान डोलवत राहिल्या. मी वाट बघत होतो, बाई यंत्राबद्दल काही म्हणतील. जाताना त्या दारात थांबल्या खऱ्या. "ते पिंप," त्या हिला म्हणाल्या, "शाळेच्या आवारात आणू नका."

जमिनीला लागलेलं एकही पॅड कुठल्या मुलीच्या हातात द्यायचं नाही, असं हिने तिथेच जाहीर केलं. नवी शिवायची. भिजलेली दोनशे चाळीस धुऊन, फक्त नमुना दाखवायला ठेवायची. कोण धुणार, हे तिने जाहीर केलं नाही. साबणाची वडी माझ्या हातात ठेवली.

रविवारी गच्चीवर मी बादली घेऊन बसलो होतो. चांगलं कढत पाणी घेतलं होतं. तेवढ्यात टेलरमावशींची नात वर आली.

"आजोबा, गरम पाणी? अहो, गरम पाण्याने डाग पक्का बसतो! आधी गार पाणी घ्यायचं."

एकतीस वर्षं पाण्यात! मी निमूट बादली बदलली. तिच्या हातात चार नवी कोरी पॅड होती, आजीच्या गठ्ठ्यातून उचललेली. ती उलटसुलट करून बघत होती.

"उद्या शाळेत जाणारेस?" मी विचारलं.

"हं." मग थोडं थांबून, "आजोबा, ही नक्की गळणार नाहीत ना?"

असा प्रश्न मला कोणी किती वर्षांनी विचारला होता! मी हात पुसले, सरसावून बसलो. "हे बघ बाळ, आपण यावर आठ तोट्यांनी, पूर्ण दाबाने, म्हणजे साधारण मिनिटाला..."

"तसं नाही," ती मला थांबवत म्हणाली. "आजीनेच शिवलीत ना ही?"

"हो. तिनेच."

"मग झालं तर," म्हणून ती पॅड छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

मी पुन्हा बादलीकडे वळलो. अजून एकशे बारा बाकी होती.