सरकारजमा शेंगापोळ्या

आभार मानायचे, एवढंच रेवणप्पानं ठरवलं होतं. आता आभार मानण्यात कसला आलाय धोका? तोंड उघडायचं, चार शब्द बोलायचे, तोंड मिटायचं. पण रेवणप्पा पडला येणेगूरचा दुकानदार. जन्मभर त्यानं तोंड उघडलं ते मिठामिरचीचा भाव सांगायला. भावाशिवायचे शब्द त्याच्या घशात अडकून बसत.

झालं होतं असं, की त्याच्या एकुलत्या एका लेकराला, शिवलिंगला, उमरग्याच्या शाळेत दाखला, म्हणजे प्रवेश, मिळाला. राज्य निजामाचं, शाळेत सगळं उर्दूतून, आणि शिवलिंगचं उर्दू अलिफपासून निघून बे-पाशीच बसकण मारायचं. सदर मुदर्रिस, म्हणजे तिथले हेडमास्तर, स्वतः परीक्षा घेऊन मगच पोरगं आत घेत. अशा वेळी शाळेचे कारकून दस्तगीर मुन्शी देवासारखे धावून आले. पोराला ओसरीवर बसवून त्यांनी रोज घोकून घेतलं, परीक्षेतून पार केलं, वर बोर्डिंगात जागाही मिळवून दिली. आणि या सगळ्यासाठी फुटकी कवडी घेतली नाही.

रेवणप्पा त्यांना एक शब्दही न बोलता परत आला. बोलायचं तर होतं. पण शब्दामागून रडू येईल, अशी त्याला धास्ती वाटली. म्हणून 'मोटार सुटंल, मोटार सुटंल' करत तो निघाला. (मोटार कसली सुटतेय! लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. तिची भट्टी पेटेपर्यंत माणसाचं जेवण होऊन वर एक डुलकी व्हायची.)

घरी आला आणि घर खायला उठलं. बायको, चन्नम्मा, शिवलिंग लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. आता उरला एकटा बाप. दुकानात गिऱ्हाईक आलं की रेवणप्पा त्याला सोडीना. पूर्वी पै-पैशावरून भांडणारा हा माणूस आता "बसा की वाईच, गडबड काय हाय?" म्हणू लागला. गिऱ्हाइकांना संशय आला. रेवणप्पा एवढा गोड बोलायलाय म्हणजे गुळात नक्की काहीतरी मिसळलंय, असं म्हणत निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. दुपारी ओट्यावर बसून तो मोटारीची वाट बघायचा. मोटार यायची, धुरळा उडवायची आणि निघून जायची. त्याच्यासाठी तिच्यात काहीच नसायचं.

शेजारच्या गिरिजाअक्का म्हणाल्या, "आरं, एवढं जीव तुटतोय तर जाऊन ये की उमरग्याला. मोटार तर दारातनं जाती."

"नगं अक्का. मला बघून पोराचं मन उडंल. संगं येतो म्हणंल."

"पोराचं उडंल का तुझं?"

यावर रेवणप्पा तराजूची दोरी नीट करू लागला. मग हळूच म्हणाला, "मुन्शीजीचे आभार मानायचं ऱ्हायलंय बगा. पैसं द्यावं तर लाच वाटंल."

"गोडाधोडाचं दे. काम झाल्यावर दिलं तर लाच कशी व्हईल? शेंगापोळ्या दे. महिनाभर टिकत्यात. म्या करून देते."

"तुमी कशाला? आभार माजं, पोळ्याबी माज्याच."

इथं माणसाची बुद्धी फिरली म्हणायची. अक्कांच्या हातची पोळी खायला लोक नळदुर्गाहून येत. पण रेवणप्पाला वाटलं, दुसऱ्याच्या हातानं मानलेले आभार पोचत नाहीत.

शेंगापोळीला दाणे भाजायचे, कुटायचे, गुळात कालवायचे आणि पिठाच्या गोळ्यात भरून लाटायचे. दाणे भाजेपर्यंत ठीक चाललं. गूळ कुटताना मात्र हात भरून आले. तेव्हा रेवणप्पाला युक्ती सुचली. गूळ कुटायचा कशाला? चुलीवर ठेवला की आपोआप पातळ होतो! त्यानं गुळाचा चांगला खमंग पाक केला, त्यात दाणे ओतले आणि ते गरमागरम सारण पोळीत भरलं. बोटं भाजली, पण पोळ्या दिसायला अशा गोल झाल्या की तो स्वतःवरच खूश झाला. (गार झाल्यावर त्याची वीट होते, हे त्याला कोण सांगणार? चाखून बघायचं तर आभारातलं कमी झालं असतं.)

चन्नम्माच्या पितळी डब्यात पोळ्या भरून त्यानं डबा मोटारीवाल्या शरणबसप्पाच्या हवाली केला. जिवावरचं ओझं उतरलं. आभार मानून झाले, विषय संपला.

विषय संपला नाही. दुसऱ्या दिवशी मोटार दारात थांबली आणि शरणबसप्पानं खिडकीतून डबा पुढं केला. "मुन्शीजी म्हणले, लाजवाब!"

डबा जड होता. उघडून बघतो तर आत खजूर. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत मुन्शीजींच्या घरीही होतीच की. आपल्या चुलीवरचं या लिंगायताला चालेल न चालेल म्हणून त्यांनी विचार करून खजूर धाडला होता.

रेवणप्पा डोक्याला हात लावून बसला. "अक्का, आता काय करू? आभाराची परतफेडच केली की त्यांनी! आभार पुन्हा माज्याच अंगावर आले."

"मग पुन्हा धाड की."

पुन्हा पोळ्या केल्या. पद्धत तीच, कारण खुद्द मुन्शीजींनी लाजवाब म्हटलं होतं. डबा गेला, खडीसाखर घेऊन आला. पुन्हा पोळ्या गेल्या, पेरू आले. असं करता करता दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. एका दाखल्याचे आभार काही केल्या फिटेनात.

आणि खरं सांगायचं तर ते फिटू नयेत असंच रेवणप्पाला वाटू लागलं होतं. आता दुपारची मोटार नुसता धुरळा आणत नव्हती. शरणबसप्पा लांबूनच भोंगा वाजवायचा. "मुन्शीजी म्हणले, लेकरू खुशाल हाय," एवढंच सांगायचा, आणि तेवढ्यावर रेवणप्पाची रात्र निघायची. ज्या दिवशी डबा नसे त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

एके दिवशी भोंगा वाजला नाही. शरणबसप्पा खाली उतरला, तोंड सुकलेलं.

"रेवणप्पा, डबा जप्त झालाय."

"आँ?"

"शाळा तपासाय वरचे सायेब आलते. मुन्शीजीच्या टेबलावर डबा दिसला. कुणाचा? शिवलिंगच्या बापाचा. दाखला कुणी दिला? मुन्शीजीनं. झालं! लाच म्हणून डब्याला लाख लावून मोहर मारलीया. तुमाला उद्या बोलावलंय."

ती रात्र रेवणप्पानं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. सकाळी धुवट धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून तो उमरग्याला गेला. सदर मुदर्रिसांच्या टेबलावर चन्नम्माचा डबा ठेवला होता, कापडात बांधलेला आणि लाखेनं बरबटलेला. कोपऱ्यात दस्तगीर मुन्शी मान खाली घालून उभे होते. नोकरी जायची वेळ आली होती त्यांच्यावर.

तपासणीला आलेले साहेब उर्दूत बोलले. आपण आपल्या भाषेत ऐकू. "दाखल्यासाठी तुम्ही मुन्शींना हे देत होता का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. लाच असेल तर मुलाचं नाव कमी करावं लागेल. तो आजच तुमच्याबरोबर घरी येईल."

आजच घरी येईल! एक 'हो' म्हणायचा अवकाश, की संध्याकाळच्या मोटारीत शिवलिंग त्याच्या मांडीला मांडी लावून बसणार होता. घरात पुन्हा कुणीतरी खोकणार होतं, कुणीतरी हाक मारणार होतं. त्याला ते इतकं हवं होतं की तोंड उघडलंसुद्धा. मग लेकरू जन्मभर त्याच्या शेजारी बसून मीठ तोलणार होतं. आणि मुन्शीजी?

"न्हाय सायेब," रेवणप्पा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "लाच न्हाय. म्या नुसतं आभार मानीत व्हतो."

"पावसाळ्यापासून?"

"मला तोंडानं जमत न्हाय सायेब."

साहेबांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. मग मोहर फोडली, डबा उघडला आणि एक पोळी काढली. दोन्ही हातांनी मोडून बघितली. मोडेना. टेबलाच्या कडेवर आपटली. दौतीतली शाई उडाली, पोळी तशीच. शेवटी चौकशी पुरी करायची म्हणून त्यांनी दाढेखाली धरून जोर लावला. कट्‌ असा आवाज आला. आवाज पोळीचा की दाढेचा, हे विचारायची कुणाची छाती होईना.

गालावर हात ठेवून साहेब म्हणाले, "मुन्शीजी, तुम्ही हे खात होता?"

"एकदा प्रयत्न केला होता, हुजूर."

रेवणप्पा ओरडलाच, "मग लाजवाब कशाला म्हणलाव?"

मुन्शींनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "दिल कसा मोडू तुमचा, रेवणप्पाजी? माझं बालबच्चं सारं गुलबर्ग्याला. मी इथं एकटा. तुमचा डबा आला की मोटारीवाला माझ्या नावानं हाक मारायचा. या गावात मला नावानं हाक मारणारं दुसरं कोण आहे?"

एवढे दिवस रेवणप्पाला वाटत होतं की मोटारीची वाट बघणारा या रस्त्यावर आपण एकटेच.

साहेबांनी कागद ओढला आणि निकाल लिहून मोठ्यानं वाचला. "लाच ती, जी घेऊन माणूस खूश होतो. चौकशीअंती सदर पोळी मनुष्याच्या खाण्यालायक नसल्याचं आढळलं. सबब लाच नाही." मग कागद रेवणप्पापुढं सरकवला. "कबूल असेल तर सही करा."

मुन्शींची नोकरी आणि पोराची शाळा त्या सहीवर होती. आपल्या पोळ्या खाण्यालायक नाहीत, असं रेवणप्पानं सरकारला वळणदार अक्षरात कबूल करून दिलं.

"आणि इथून पुढं आभार मानायचे तर तोंडानं," साहेब म्हणाले. "शुक्रिया म्हणायचं. बस. म्हणा बघू."

रेवणप्पा मुन्शींकडं वळला. "शुक्..." म्हणाला आणि पुढचं मुंडाशाच्या सोग्यात गेलं. मुन्शींनी त्याचा हात हातात घेतला. साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

थोड्या वेळानं त्यांना शंका आली. "पण मग इतक्या पोळ्या गेल्या कुठं?"

"शिवलिंग न्यायचा, हुजूर. सगळ्या त्यानंच खाल्ल्या."

शिवलिंगला बोलावणं गेलं. पोरगं हातभर वाढलं होतं. बापाला बघून ते दारातच थबकलं. "अप्पा! तुमी कवा आलाव?"

साहेबांनी पोळी दाखवली. "हे तू खातोस? कसं?"

"रातभर पाण्यात भिजू घालतो, सायेब. सकाळपातुर नरम व्हत्यात."

"आवडतात?"

पोरानं बापाकडं बघितलं, मग पोळीकडं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "आवडत न्हाईत, सायेब. पर आमच्या घरी असंच असतंय."

रेवणप्पानं हसावं की रडावं! साहेबांनी गालावरचा हात काढला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "सेठ, शाळेच्या माणसांना काही द्यायचं नाही. पण आपल्या मुलाला घरचं पाठवायला कसलीच मनाई नाही. खुशाल पाठवत जा."

रेवणप्पाचा चेहरा उजळला. पुढच्या खेपेला दाणे जरा जास्त घालावेत, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात शिवलिंग घाईघाईनं पुढं आला.

"सायेब, तेची बी मनाई करा की! पोळ्या नगं, अप्पा. तुमीच नुसतं येत जावा."

यावर सगळ्यांत आधी मान डोलावली ती दस्तगीर मुन्शींनी.