व्याह्यांचे चौपन्न पौंड

"टेन्शन किती?" तारमास्तरांनी विचारलं.

निरीक्षकांना वाटलं, हा भला माणूस आपला चेहरा बघून विचारतोय. "बरंच आहे," ते म्हणाले.

"तसं नाही साहेब. रॅकेटला किती ठेवू? पौंडात सांगा. आणि तार कुठली घालू?"

निरीक्षकांनी काउंटरवरच्या नव्या कोऱ्या रॅकेटकडे पाहिलं. तिला तारा नव्हत्या. नुसती चौकट होती आणि तिच्यातून पलीकडच्या शिलाई मशीनचं चाक दिसत होतं. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तारमास्तरांचा मूळ धंदा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी कुठूनतरी तारा ताणायचं एक हातमशीन आणलं, आणि तेव्हापासून टेनिस क्लबातल्या झाडून सगळ्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा भरणं, त्यांच्याच हातून होत आलं. तारमास्तर हे नाव त्यावरूनच पडलं. गिऱ्हाइकाने दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, बाकीचं ते बघून घेत.

पण निरीक्षकांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. वजनमापे खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. दुकानदाराचा काटा चार ग्रॅमने जरी खाली गेला तरी तो जप्त करून सीलबंद करताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. मात्र स्वतःसाठी काही ठरवायची वेळ आली की त्यांचं पाणी पाणी होई. साध्या चपला घ्यायला ते तीन खेपा घालत, आणि चौथ्या खेपेला बायको बरोबर येऊन घेऊन टाकी.

ही रॅकेट मात्र त्यांनी एका बैठकीत घेतली होती. त्याला कारण व्याही.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे, निवृत्त सर्जन. लग्नाची बोलणी झाली तीच मुळी क्लबच्या बाकावर, दोन सेटच्या मधे. तेव्हापासून पन्नाशीपुढच्यांच्या दुहेरीत दोघांची जोडी. व्याही खेळायचे सर्जनसारखेच, थोडक्यात आणि नेमकं. निरीक्षकांचा चेंडू मात्र कुठे पडेल ते त्यांनाही ठाऊक नसे. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात अगदी निकालाच्या गुणावर त्यांनी असा फोरहँड मारला की चेंडू जाळीवरून, रेषेवरून आणि कुंपणावरून जाऊन पलीकडच्या सुताराच्या अंगणात ओल्या व्हार्निशच्या कपाटाला चिकटला. व्याही एका शब्दाने काही बोलले नाहीत. घरी सोडताना गाडीत सगळा वेळ ते टायरबद्दल बोलत होते. कोणते टायर लवकर झिजतात, हवा किती असावी.

"टायरबद्दल बोलले?" बायकोने विचारलं होतं. "मग फार लागलंय हो त्यांना."

म्हणून ही रॅकेट. क्लबच्या कोचने सांगितलं होतं की हिला स्वतःचा जोर नाही. ही चेंडू लांब उडवत नाही, ताब्यात ठेवते. ताबा हा शब्द ऐकला आणि निरीक्षकांनी पुढचं काही ऐकलंच नाही. तारांची भानगड नंतर कळली.

त्या दिवशी ते रॅकेट तशीच परत घेऊन आले आणि कोचला गाठलं. कोच म्हणाला, ताबा हवा ना, मग कडक तार घाला, पॉलिएस्टरची, आणि छप्पन्न पौंडांवर ताणा. तारमास्तरांनी तशी ताणून दिली. खरंच चेंडू बाहेर जाईना. पण फळीत खिळा ठोकावा तसा प्रत्येक फटका कोपरात ठोकला जाऊ लागला. गुरुवारी निरीक्षकांना चहाचा कप उचलवेना, आणि कचेरीत शिक्का मारायला त्यांना डावा हात वापरावा लागला. शिक्के तिरके पडले. अठ्ठावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

खालच्या मजल्यावर फिजिओथेरपिस्ट बाई राहायच्या. त्यांनी कोपर दाबून पाहिलं, तार दाबून पाहिली आणि दोहोंबद्दल सारखीच हळहळ व्यक्त केली. मऊ तार घाला, शेहेचाळीसच्या वर जाऊ नका, असं त्यांनी बजावलं. निरीक्षकांनी तारा कापून घेतल्या. मऊ तारेने कोपर सुखावलं, पण चेंडू पुन्हा सुताराकडे जायला लागला. सुताराने एकदा पाच चेंडू पिशवीत घालून परत आणून दिले. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग जावयाने लक्ष घातलं. जावई इंजिनिअर. त्याने एक तक्ता पाठवला आणि फोनवर समजावून सांगितलं की उभ्या तारा कडक घ्यायच्या, आडव्या मऊ, आणि ताण बावन्न. म्हणजे ताबाही राहील आणि कोपरही. निरीक्षकांनी पुन्हा तारा कापून घेतल्या. या खेपेला चेंडू कधी आत पडे, कधी बाहेर, आणि कोपर कधी दुखे, कधी नाही. म्हणजे कशातलं काहीच कळेना. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. झोपेतही त्यांच्या तोंडून आकडे निघत, आणि बायको कूस बदलून म्हणे, "अहो, एक काय तो सांगा आणि झोपा."

अशा टोकाला आलेल्या माणसाला शंका येते. निरीक्षकांना मशीनची शंका आली. इतके दिवस आपण छप्पन्न, शेहेचाळीस, बावन्न म्हणतोय, पण हे मोजलंय कुणी?

दुसऱ्या दिवशी ते खात्याचा तपासणीचा काटा पिशवीत घालून दुकानात गेले. तारमास्तरांनी आनंदाने परवानगी दिली. मशीनवर बावन्न लावलं, तारेच्या जागी काटा अडकवला आणि दांडा फिरवला. बावन्न पौंड म्हणजे साडेतेवीस किलो दिसायला हवे होते. मशीनने खटका दिला तेव्हा काटा वीसवर थांबला होता. तीनदा करून पाहिलं. तीनदा वीस. म्हणजे चव्वेचाळीस पौंड.

तारमास्तर स्टुलावर बसले. आतली स्प्रिंग थकली होती. केव्हापासून, ते सांगता येत नव्हतं. बहुधा पहिल्यापासूनच.

"बावीस वर्षं, साहेब," ते म्हणाले. "लोक पन्नास मागायचे, मी बेचाळीस द्यायचो. आणि वर सांगायचो, बघा कसं कडक झालंय."

निरीक्षकांनी त्यांना धीर दिला. रॅकेटचा ताण काही खात्याच्या कायद्यात बसत नाही, तेव्हा जप्ती नाही, शिक्षा नाही. पण खोटा आकडा खोटाच, असं ते म्हणाले आणि दोघांनी मिळून स्प्रिंगचा स्क्रू पिळला. काट्यावर साडेतेवीस दिसले तेव्हा निरीक्षकांना फार दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी आपल्या रॅकेटला खरेखुरे बावन्न करून घेतले. बाकी क्लबला हे सांगायचं राहून गेलं. तारमास्तरांना लाज वाटत होती, आणि निरीक्षकांना वाटलं, काटा दुरुस्त झाला की काम संपलं. दुकानात तसंच असतं.

स्पर्धेआधीच्या आठवड्यात सगळ्या क्लबने रिवाजाप्रमाणे नवं गटिंग करून घेतलं. प्रत्येकाने आपला नेहमीचा आकडा सांगितला, आणि प्रत्येकाला तो आकडा आयुष्यात पहिल्यांदा खरोखर मिळाला. व्याह्यांचा आकडा चौपन्न. तो सगळ्या क्लबला पाठ होता, कारण पन्नासच्या खाली खेळणाऱ्यांनी फुलं वेचावीत, असं ते नेहमी म्हणत.

सामना सकाळी नऊला होता, समोर परगावची जोडी. व्याह्यांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीही जाळीत. त्यांनी तारांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि नंतर तारांकडे पाहिलंच नाही. निरीक्षकांचे चेंडूही जाळीत जात होते, पण त्याचं कुणाला नवल नव्हतं. दुसऱ्या सेटमध्ये व्याह्यांनी सात डबल फॉल्ट केले. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांत संपला, सहा-एक, सहा-शून्य. दुपारपर्यंत क्लबची एकूण एक जोडी पहिल्याच फेरीत गारद झाली, आणि पाण्याच्या नळाजवळ पन्नाशी ओलांडलेली नऊ माणसं ओळीने कोपर थंड पाण्याखाली धरून उभी होती.

गाडीत व्याही टायरबद्दल बोलले नाहीत. कशाबद्दलच बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. सासऱ्यांनी टेनिसचे बूट वॉचमनला देऊन टाकले होते. गॅलरीत खुर्ची टाकून ते दिवसभर बसून असतात, मधूनच दोन्ही हात समोर धरून बोटं थरथरतात का ते पाहतात, आणि काल त्यांनी मुलाला बसवून बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे असते ते दाखवलं.

"बाबा, तुम्ही येऊन जरा बोला ना त्यांच्याशी," मुलगी म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

निरीक्षकांनी फोन ठेवला. खरं कारण जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतले एक ते होते. सांगितलं, तर व्याही म्हणतील, मग सामन्याआधी का नाही बोललात? न सांगावं, तर धडधाकट माणूस गॅलरीत बसून म्हातारा होणार. त्यांनी बायकोला विचारलं. बायकोने त्यांचे बूट आणून समोर ठेवले.

व्याही खरंच गॅलरीत होते. निरीक्षकांनी सगळं सांगितलं. काटा, स्प्रिंग, स्क्रू, साडेतेवीस किलो. सांगताना त्यांनी व्याह्यांकडे एकदाही पाहिलं नाही.

"म्हणजे माझे हात ठीक आहेत," व्याही शेवटी म्हणाले.

"अगदी ठणठणीत."

व्याह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते उठून उभे राहिले, गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीत मधेच थबकले. रंग पुन्हा उतरला.

"थांबा. म्हणजे बावीस वर्षं मी शेहेचाळीसने खेळत होतो?"

निरीक्षकांनी मान खाली घातली.

"शेहेचाळीस," व्याही खुर्चीत बसत म्हणाले. "अहो, ते तर फिजिओवाल्या बाई पेशंटला देतात."

आता शेहेचाळीस करून घ्या म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल, असं निरीक्षकांनी हळूच सुचवलं. व्याह्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना आपल्या मुलीची काळजी वाटली. तारमास्तरांच्या दुकानात, चार माणसं बाकावर बसलेली असताना, आपण शेहेचाळीस मागायचे? त्यापेक्षा गॅलरी काय वाईट आहे? उलट म्हातारपणात एक मान तरी आहे.

तासभर ते ऐकेनात. शेवटी सुनेने चहा आणला, आणि सासऱ्यांसमोर बूट ठेवले. वॉचमनकडून परत मागून आणलेले. एवढ्यावर मात्र त्यांना नाही म्हणवेना.

दुकानात खरोखरच चार माणसं बाकावर होती, सगळी क्लबातली. सगळ्यांच्या मांडीवर रॅकेट होत्या आणि सगळी रस्त्याकडे बघत होती. तारमास्तरांनी निरीक्षकांना पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा पडला. ते त्यांना शिलाई मशीनच्या आड घेऊन गेले आणि खालच्या आवाजात बोलले. सोमवारपासून क्लबातला एकेक जण एकटा येऊन गेला होता. तुमच्या हाताला पूर्वीसारखी मजा राहिली नाही, काहीतरी करा, असं सगळ्यांनी सांगितलं. आकडा कमी करतो म्हटलं तर एकही तयार होईना. तेव्हा काल सकाळी त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला होता.

"तुम्ही म्हणाल तर आत्ता पिळतो," ते म्हणाले. "तुमचा हुकूम."

तोवर मागे व्याही काउंटरपाशी पोचले होते. त्यांनी रॅकेट ठेवली, घसा साफ केला आणि बाकावरच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चौपन्न."

तारमास्तरांनी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. दांडा फिरला, मशीनने खटका दिला, तार गुणगुणली. व्याह्यांनी अंगठ्याने ती छेडून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. "बघा," ते बाकाकडे वळून म्हणाले, "कसं कडक झालंय."

"आणि साहेब, तुमचं किती ठेवू?" तारमास्तरांनी विचारलं.

निरीक्षकांनी कॅलेंडरवरची नजर न काढता रॅकेट पुढे सरकवली.

"व्याह्यांचं जितकं आहे," ते म्हणाले, "तितकंच."